गुणपत्रिकेचे वय

सुलतान बाजारातून उस्मानिया मेडिकल कॉलेजकडे जाताना कोठीच्या रस्त्यावर जुन्या पुस्तकांची दुकाने लागतात. एकेकाळी तेथे एमसेटची मार्गदर्शके रचलेली असत, आता नीटची असतात, आणि शेजारीच शरीररचनाशास्त्राचे जाडजूड ग्रंथ. एका ढिगापासून दुसऱ्या ढिगापर्यंतचे अंतर हातभर; पण ते ओलांडण्यासाठी या शहरातील मुले एक, दोन, क्वचित तीन वर्षे खर्ची घालतात. त्या वर्षांना येथे 'लाँग टर्म' असे भारदस्त नाव आहे. आमच्या लहानपणी मराठी घरांतून असा शब्द नव्हता. होता तो 'नापास' एवढाच. आणि तो लागला की मुलाची रवानगी नांदेड-परभणीकडे एखाद्या मामाच्या घरी होत असे. मुलाचे एक वर्ष जाई, पण घराच्या तोंडून ते पुढे वीस वर्षे जात नसे.

हे सारे आठवण्याचे कारण आमचा नातू. तो अमेरिकेत जन्मला आणि तेथेच वाढला. त्या देशात वैद्यकीय शिक्षण बारावीनंतर सुरू होत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग अर्ज. नातवाने पदवीसाठी जीवशास्त्र घेतले आणि पहिल्या दोन वर्षांत, चारपैकी मोजतात त्या श्रेणीत, २.६ एवढी सरासरी मिळवली. वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळालेल्यांची सरासरी तेथे अलीकडे ३.७५ च्या पुढे असते, आणि अर्ज करणाऱ्या पाचांपैकी दोघांच्या आसपासच जागा मिळवतात. हे आकडे ठाऊक झाले तेव्हा आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी एकमुखाने निर्णय दिला की पोराने आता संगणकाकडे वळावे.

पोर वळले नाही. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी त्याने ३.८ ची सरासरी राखली. आम्हाला वाटले, आता झाले! परंतु तेथील हिशेब आमच्या ठोकळ समजुतीहून कठोर निघाला. दोन वर्षे २.६ आणि दोन वर्षे ३.८, म्हणजे एकूण ३.२. पदवीनंतर त्याने आणखी एक वर्ष पदरमोड करून विज्ञानाचे वरच्या पातळीचे विषय घेतले, त्यांत ३.९ मिळवले, एकूण आकडा सरकला तो ३.३४ पर्यंत. जितके अधिक शिकावे तितका प्रत्येक नवा गुण हलका होत जातो. शिवाय एखादा विषय पुन्हा देऊन चांगली श्रेणी आणली, तरी केंद्रीय अर्जात जुनी पुसली जात नाही, दोन्ही मोजल्या जातात. ऑस्टिओपॅथीच्या महाविद्यालयांच्या अर्जात पूर्वी फक्त नवी श्रेणी धरत असत. २०१७ पासून तीही सवलत गेली.

आपल्याकडे याच्या अगदी उलट. नीट ही परीक्षा विलक्षण विसराळू आहे. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के असले की पुढे त्या गुणांना कोणी विचारीत नाही. ७२० पैकी त्या एका दिवशी काय मिळाले तेवढेच खरे. एमसेटच्या काळात इंटरच्या गुणांना काही वर्षे २५ टक्के वजन होते, तेही एमसेटबरोबर गेले. वयाची २५ वर्षांची मर्यादा मध्यंतरी आली होती, ती २०२२ मध्ये उठली. म्हणजे आमच्या नातवासारखा मुलगा येथे असता तर त्याची दोन वाईट वर्षे एका दुपारी धुऊन निघाली असती. मात्र तीच दुपार दगा देऊ शकते. २०१६ साली तेलंगणात प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली होती. ज्यांनी पहिल्या खेपेस जीव तोडून लिहिले त्यांचे काय झाले असेल ते ज्याचे त्याला ठाऊक. विसराळू न्यायाधीश बरा की सारे लक्षात ठेवणारा, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

सारे लक्षात ठेवणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट सांगता येते. तो नुसती बेरीज पाहत नाही. केंद्रीय अर्जात प्रत्येक वर्षाची सरासरी निराळी छापली जाते, विज्ञान व गणित या विषयांची आणखी निराळी. वाचणाऱ्याला आलेख दिसतो: कोठे कोसळला, कोठून उठला, उठल्यावर टिकला की नाही. त्याशिवाय एमकॅट नावाची प्रवेशपरीक्षा आहे, तिचे कमाल गुण ५२८. नातवाला ५१४ मिळाले. आणि मग निबंध.

या निबंधावरून आमच्या घरात महिनाभर वाद चालला. पहिल्या दोन वर्षांबद्दल लिहायचे काय? सुनेचे म्हणणे, आजारपण लिहावे; त्या काळात त्याला एकदा कावीळ झाली होती, हे खोटे नव्हते. धाकट्या चिरंजीवांचे म्हणणे, काहीच लिहू नये, विचारले तर बघू. हैदराबादच्या नातेवाइकांना सांगण्यासाठी 'तयारी करतो आहे' हे वाक्य तर केव्हाच ठरलेले होते. गणेशोत्सवाच्या मंडपात आम्हीही ते ऐकले आणि मान डोलावली.

धीर देण्यासाठी कोणीतरी रोनाल्ड रॉसचे उदाहरण काढले. हैदराबादकराला ते सुचणारच. नल्लाकुंट्याच्या ज्या रुग्णालयाला आपण 'कोरंटी दवाखाना' म्हणतो, त्याला याच रॉसचे नाव आहे. १८७४ साली वडिलांच्या आग्रहाखातर लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात दाखल झालेला हा तरुण अभ्यासापेक्षा संगीतात आणि काव्यनाटकांत रमला. १८७९ मध्ये शल्यवैद्यांची परीक्षा तो पास झाला, परंतु सोसायटी ऑफ ॲपोथिकरीजच्या परीक्षेत नापास झाला. मग जहाजावर डॉक्टर म्हणून नोकरी, १८८१ मध्ये दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण, आणि इंडियन मेडिकल सर्व्हिस. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत त्याला डासाच्या जठरात मलेरियाच्या जंतूंची वाढ दिसली. १९०२ साली नोबेल पारितोषिक.

गोष्ट उत्तम आहे, पण आम्हाला ती नातवाला ऐकवावीशी वाटली नाही. नापास होऊन विस्मृतीत गेलेल्या त्याच्या सहाध्यायांची नावे कोणत्याही दवाखान्यावर नाहीत. त्यातून नातवाला उपयोगी पडेल असे आम्हाला दिसले ते वेगळेच. १८८८ साली रजेवर इंग्लंडला गेला असताना रॉसने सार्वजनिक आरोग्याची पदविका घेतली आणि जंतुशास्त्राचा अभ्यासक्रम केला. नोकरीत स्थिर झालेला माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. नोबेलपेक्षा ही रजा आम्हाला मोठी वाटते, कारण ती कोणालाही घेता येते.

याच गावातील आणखी एक आठवण या वादात निघाली. १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांतलेच. त्या मुलांनी आपला अपराध लपवला नव्हता. अर्थात देशासाठी मिळालेला डाग आणि आळसामुळे मिळालेला डाग यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे सांगायला घरातील एक आजी विसरल्या नाहीत.

नातू त्या उन्हाळ्यात येथे आला होता. एका संध्याकाळी आम्ही त्याला सरळ विचारले, 'त्या दोन वर्षांत झाले तरी काय?' तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'आजोबा, काही झाले नाही. शाळेत मला कधी अभ्यास करावा लागला नव्हता. कॉलेजात गेल्यावर कळले की मला तो करताच येत नाही. आणि ते कोणाला विचारायची लाज वाटत होती. आपल्या घरात सगळे हुशार ना!'

शेवटचे वाक्य आमच्या पदरात टाकून तो चहा पिऊ लागला. आम्ही एवढेच म्हणालो की हे जसेच्या तसे लिही, कावीळ राहू दे.

त्याने तसेच लिहिले. नापास व्हायची वेळ आलेल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडे अखेर कसा गेलो, त्यांनी दर आठवड्याला तासभर समोर बसवून उदाहरणे कशी सोडवून घेतली, आणि रुग्णवाहिकेवर काम करू लागल्यावर न कळलेली गोष्ट तत्काळ विचारण्याची सवय कशी लागली, कारण तेथे लाजेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. सुनेने तो निबंध वाचला आणि दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, 'बाबा, हे मला त्याने कधीच सांगितले नव्हते.'

अर्ज जूनमध्ये गेला. आतापर्यंत चार महाविद्यालयांनी नकार कळवला आहे, एकाने मुलाखतीला बोलावले आहे, बाकीची गप्प आहेत. नातेवाइकांपैकी कोणी विचारले तर त्याची आई हल्ली हे सारे आकड्यांसह सांगते. तो अजून आठवड्यातून तीन रात्री रुग्णवाहिकेवर जातो. मुलाखतीच्या दिवशी पाळी येऊ नये म्हणून त्याने एका सहकाऱ्याशी रात्र बदलून घेतली आहे.