अंदमानची बॅग भरताना

बहुतेक देशी विमानांत माणशी पंधरा किलो सामान नेता येते. हातातले सात किलो वेगळे. हे ऐकल्यावर आमच्या सासूबाई म्हणाल्या, “अगो, पंधरा किलोचा तर आमचा नुसता होल्डॉल असायचा!” त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे कुरकुरतात, मधुमेह आहे, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली तीही नाखुशीनेच. तरी डिसेंबरात अंदमानला जायचे म्हणजे जायचेच, असा त्यांचा हट्ट. त्यापुढे ह्यांचेसुद्धा काही चालले नाही.

बॅगा भरायचे काम अर्थातच माझ्याकडे. पहिली गोष्ट, लोकरीचे काही म्हणता काही घेऊ नये. डिसेंबरातही तिथे पंखा लागतो. पाऊस दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पडतो, त्यामुळे आपल्याकडे दिवाळीचे कंदील उतरले तरी तिकडे एखादी सर येऊन जाते; छत्री असावी. हवा इतकी दमट, की जाड सुती कपडा रात्रभरात वाळत नाही. मी सुती साड्यांची मोठी अभिमानी. पण तिथे मुकाट्याने चटकन वाळणाऱ्या सिंथेटिक साड्यांना शरण गेले. जीनची विजार न्यायची असेल त्याने खुशाल न्यावी, आणि ती ओली, कुबट, दुप्पट जड होऊन परत आणावी!

विजेरी मात्र विसरू नका. ही बेटे रेखांशाने पार त्र्याण्णव अंशांच्या आसपास, आणि घड्याळ साडेब्याऐंशी अंशांवरचे. त्यामुळे डिसेंबरात सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपण चहाचे आधण ठेवतो त्या वेळी तिथे दिवेलागण! विजेरीशेजारी डासांचे मलम ठेवावे. किनाऱ्यावरच्या वाळूत बारीक माश्याही असतात. त्यांचा चावा आठवडाभर खाजतो.

श्रीविजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, येथे बाजारपेठ चांगली आहे. ‘तिथे मिळेल की’ हे ह्यांचे ब्रीदवाक्य तेवढ्यापुरते खरे. पुढे बोटीने स्वराजद्वीप किंवा शहीदद्वीप गाठले (२०१८ पूर्वीची ही हॅवलॉक आणि नील), की हवे ते औषध हाताशी असेलच असे नाही. शिवाय धक्क्यावर सामान आपल्यालाच उचलावे लागते. म्हणून एका अवजड बॅगेपेक्षा लहान लहान दोन बऱ्या. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्यापूर्वीच घ्यावी. लाटा सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. सासूबाईंचे इन्सुलिन मी माझ्या हातातल्या पिशवीत ठेवले. मोठ्या बॅगेबरोबर ते विमानाच्या पोटात गेले, तर थंडीने गोठून निकामी होण्याची भीती.

खाण्याच्या सामानावरून थोडी झकाझकी झाली. मेतकूट, चिवडा, लाडू यांना कोणाचीच हरकत नव्हती. पण सासूबाईंनी सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या कागदात गुंडाळल्या होत्या. सुके खोबरे तेलकट, पेट घेणारे, म्हणून विमानात चालत नाही, हे मी सांगितले तेव्हा त्या बराच वेळ माझ्याकडे संशयाने पाहत राहिल्या.

आमच्या धाकटीने तर बिस्किटांचा एक रिकामा डबा भरला होता, शिंपल्यांसाठी! तिची समजूत घालणे सर्वांत कठीण गेले. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. मेलेला तुकडासुद्धा आणता येत नाही. कित्येक जातींच्या शंखांचीही तीच कथा, आणि विमानतळावर सामान तपासतात. शेवटी तिने डब्यात रंगीत पेन्सिली भरल्या आणि शहीदद्वीपच्या वाळूत बसून शंखांची चित्रे काढली. अकरा भरली.

सासूबाईंच्या स्वतःच्या पिशवीत काठी, गुडघ्याचे पट्टे आणि पाण्याची बाटली, एवढेच होते. त्यांचे अंदमान म्हणजे सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधलेल्या त्या तुरुंगाच्या सात पाखांपैकी आज तीनच उभी आहेत. १९११ साली सावरकरांना तिथे आणले. त्यांची कोठडी अगदी वरच्या मजल्यावर. मी म्हटले, “आई, आपण खालूनच नमस्कार करू या का?” त्यांनी उत्तरही दिले नाही. गुडघ्याला पट्टे बांधले, एक हात ह्यांच्या खांद्यावर, एक काठीवर. दर पाच-सहा पायऱ्यांनी थांबत वर गेल्या.

त्यांचे वडील रात्री कंदिलाच्या उजेडात ‘माझी जन्मठेप’ वाचून दाखवीत. कोठडीच्या झरोक्याचा विषय निघाला, की उठून, हात उंच करून तो केवढा वर असेल ते दाखवीत. सासूबाई आत गेल्या आणि मागच्या भिंतीपाशी मान वर करून उभ्या राहिल्या. मग ह्यांना म्हणाल्या, “तू उंच आहेस, हात पुरतो का बघ.”

हात पुरला नाही.

“अण्णांच्या हातापेक्षा वर आहे हो,” असे म्हणून त्या तिथेच फरशीवर बसल्या. मी बाटली पुढे केली. बाहेरची गर्दी पुढे सरकली तरी त्यांनी उठायची घाई केली नाही, आणि आम्हीही केली नाही.