उताराची कमाई

दिवाळीच्या दारूकामात मला सर्वांत आवडते ते भुईचक्र. त्याच्या ठिणग्यांपेक्षाही ठिणग्या विझल्यानंतरचे त्याचे दोन-चार वेढे मला अधिक मोहवितात. दारू संपलेली असते, तरी चक्र फिरतच असते. मिळालेला वेग त्याने पोटात साठवलेला असतो. मग जमीन तो हळूहळू खाऊन टाकते आणि चक्र निमूट पडून राहते.

कुंभाराला हे मर्म हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. दांडक्याने जड चाक एकदा गरगरा फिरवले की हात मोकळे होतात आणि मडके आकार घेऊ लागते. परंतु ते चाकही खुंटीवर टेकावे लागतेच; आणि जेथे टेकणे आले तेथे झिजणेही आले.

आमच्या नागपुरात अशा गोष्टी मनात आल्या की रेल्वे आठवावयाचीच. शेजारचे काका इंजिन-ड्रायव्हर होते. नागपूरहून इटारसीकडे जाताना बैतूल जिल्ह्यात मरामझिरी ते धाराखोह हा घाट उतरावा लागतो. येताना तोच घाट चढण्यासाठी गाडीला जादा इंजिनाचा जोर लावावा लागतो. उतरताना ब्रेकचे ठोकळे तापून त्यांचा करपट वास येई. "चढताना कमावलेलं सगळं उतरताना जाळायचं, हेच आमचं काम," असे काका म्हणत. त्या बोलण्यात विनोद होता, तशी एक खंतही होती.

ती खंत आता पुष्कळशी फिटली आहे. अजनीच्या शेडमधली नवी विजेची इंजिने उतारावर स्वतःच वीज तयार करतात आणि ती वरच्या तारेत परत देतात. आपल्या २५,००० व्होल्टच्या एसी मार्गावर ती दुसऱ्या गाडीला मिळते, नाही तर विजेच्या जाळ्यात जाते. पण १,५०० व्होल्टच्या डीसी मार्गावर जवळपास दुसरी गाडी नसेल, तर ह्या विजेला बहुधा घेणारे कोणी नसते. पाहुणा दाराशी यावा आणि दाराला कुलूप असावे, तशी तिची गत होते.

जपानातल्या डोंगराळ चुओ मार्गावर हीच अडचण आहे. तेथील रेल्वे संशोधन संस्थेने इतरांच्या साहाय्याने एक चाक बांधले आणि २०१५ साली यामानाशी प्रांतात ते चालवून पाहिले. चाक कार्बनच्या तंतूंचे, व्यास २ मीटर, वजन ४ टन. मिनिटाला ६,००० फेऱ्यांपर्यंत फिरणारे हे चाक सुमारे १०० युनिट वीज वेगाच्या रूपाने साठवते. २०२२ साली त्याच मार्गावर अशा चाकाची रेल्वेसाठी चाचणी सुरू झाली.

नवल हे की हे चाक कशावरही टेकत नाही! हॉलंडच्या कामरलिंग ओनेस यांनी १९११ साली पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा विजेला होणारा विरोध एकाएकी नाहीसा झाला. असे पदार्थ चुंबकीय क्षेत्राला बाहेर ढकलतात, हे १९३३ साली दिसून आले. १९८६ साली बेडनोर्त्स व म्युलर यांना हा गुण चिनीमातीच्या जातीच्या एका पदार्थात सापडला आणि पुढे इतकी पराकोटीची थंडी लागेनाशी झाली. ह्याच कुळातल्या पदार्थांनी ते चार टनी चाक अधांतरी तोलले आहे. खाली खुंटी नाही, भोवतीची हवाही काढून घेतलेली. वेग खाणार कोण? ज्या चाकावर मडकी घडली, त्या चाकाला आता मडक्याचेच गोत्र सावरीत आहे!

मी हे सारे काकांना रंगवून सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "हे ठीक आहे रे, पण त्या थंडीचं बिल कोण भरते?"

प्रश्न ड्रायव्हरला शोभेल असाच होता. उणे २०० अंशांखालची ती थंडी रात्रंदिवस राखावी लागते आणि तिलाही वीज लागतेच. म्हणून चाक परवडते ते जेथे गाड्या वारंवार थांबतात, वारंवार निघतात, तेथेच. मी म्हटले, "गाड्या पुष्कळ असल्या तर उतारच भरतो, काका."

काका थोडा वेळ गप्प राहिले. "मग आमच्या घाटानं आजवर किती बिलं भरली असती," ते म्हणाले, आणि त्यांनी चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवली.