मोगऱ्याच्या उदबत्तीत मोगरा नसतो

मोगऱ्याच्या उदबत्तीत मोगऱ्याची एक पाकळीही नसते, हे मला कळलं ते बंगळूरला बिऱ्हाड केल्यावर. उदबत्तीचं हे माहेरघरच! चंदनाचं तेल काढायचा कारखाना म्हैसूर संस्थानाने इथे १९१६ सालीच सुरू केला होता.

मी चौकशीला लागले त्याचं कारण मात्र घरातलंच. सासूबाईंना दमा. डॉक्टरांनी धूर वर्ज्य सांगितला, पण त्या ऐकेनात. "एवढ्याशा काडीने काय होतंय? चंदनच तर आहे त्यात!"

शेवटी मी शेजारच्या अक्कांना चहाला बोलावलं. मागडी रोडच्या वस्तीत त्यांनी वर्षानुवर्षं घरी बसून बत्त्या वळल्या होत्या, हजार काड्यांच्या हिशेबाने मजुरी घेऊन. सासूबाईंचं माहेर बेळगावचं, त्यामुळे कानडीत दोघींचं छान जमलं.

अक्का म्हणाल्या, बांबूच्या काडीवर चढतो तो कोळशाची पूड आणि 'जिगट' यांचा भिजवलेला गोळा. जिगट म्हणजे झाडाच्या चिकट सालीची पूड. मुक्या मारावर आपण जिचा लेप लावतो, ती मैदालकडीही त्यात चालते. पाटावर तळहाताने बत्ती वळायची, वाळवायची, मग सुगंधी द्रावणात बुडवायची. मोगरा, गुलाब, केवडा, जे काही असेल ते त्या द्रावणात! अत्तर महाग, म्हणून ते 'डीईपी' नावाच्या, जवळजवळ वास नसलेल्या रसायनात पातळ केलेलं.

मसाला बत्ती वेगळी. तिच्या गोळ्यातच चंदनाची पूड, राळ, मुळ्या मळतात. जुन्या पद्धतीच्या बत्तीत हळमड्डी असते, म्हणजे महारूखाच्या जातीतल्या एका झाडाला चीर देऊन काढलेला चीक. किंमतही तशीच. पण पेटली की धूर तो धूरच. बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्हींतून निघतात. दम्याच्या माणसाला त्यात डावं-उजवं नाही.

"कोळशाची धूळ नाकातोंडात जायची," अक्का म्हणाल्या. "पुढे मशीन आली, काम गेलं. खोकला राहिला, आजी."

सासूबाई त्यावर काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची सहाण काढायला लावली आणि स्वतः चंदन उगाळलं. आता उदबत्ती फक्त चतुर्थीला, तीही बाल्कनीत तुळशीपाशी. मात्र ती मसाल्याचीच हवी, आणि आणायची ती अक्कांना विचारून!