प्राणहितेची खचदरी

‘खचदरीची उदाहरणं लिहा’ या प्रश्नाला आमच्या घरातल्या चारही भावंडांनी आपापल्या वर्षी एकच उत्तर लिहिलं: ऱ्हाईन, पूर्व आफ्रिका, नर्मदा, तापी. गुण पूर्ण मिळाले. पेपर देऊन आलो की आम्ही थेट प्राणहितेवर डुंबायला पळायचो. ती नदीही त्याच यादीत बसते हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. सांगणाऱ्यांनाही ते कोणी सांगितलं नसावं.

तेव्हाचं सिरोंचा म्हणजे चांदा जिल्ह्याचं शेवटचं टोक. पलीकडच्या तीरावर काळेश्वर, बाजारात मराठीइतकीच तेलुगू, आणि पावसाळ्यात नाले भरले की चंद्रपूरची एस.टी. कधी येईल याचा भरवसा नाही. भूकंप ही आमच्या लेखी जपानची गोष्ट होती. १९६७च्या डिसेंबरात कोयनेला झाला तेव्हा मोठी माणसं म्हणाली, ‘तिकडे धरण आहे, म्हणून झाला.’ दादाच्या पुस्तकात तर स्वच्छ लिहिलेलं होतं की दख्खनचं पठार हा प्राचीन, कठीण, स्थिर भूभाग आहे. त्या ‘स्थिर’खाली दादाने लाल पेन्सिलीने रेघ मारलेली होती.

१३ एप्रिल १९६९, रविवार. रात्रीचे नऊ वाजायला आलेले. उकाड्यामुळे बाजा अंगणात काढलेल्या. आत मांडणीवरची पितळेची भांडी एकदम खणखणली. आजी म्हणाली, ‘मांजर शिरलं.’ ताई हाकलायला उठली तर आत मांजर नव्हतं आणि खुंटीचा कंदील हलत होता, वारा नसताना. शेजारून तेलुगूत हाका सुरू झाल्या, सगळी गल्ली रस्त्यावर आली. आकाशवाणीवर आणि मग मागाहून आलेल्या वर्तमानपत्रात कळलं की केंद्र गोदावरीच्या खालच्या अंगाला, भद्राचलमच्या बाजूला होतं. तीव्रता ५.७. दादा त्या रात्री पुस्तक घेऊन बसला होता. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. आपण पाठ केलेलं वाक्य खोटं कसं पडलं, एवढंच त्याला समजून घ्यायचं होतं.

एका इयत्तेचं पुस्तक आमच्याकडे दादाकडून ताईकडे, ताईकडून माझ्याकडे उतरायचं. धाकट्याच्या वेळी अभ्यासक्रम बदलला आणि ही साखळी तुटली. दादाला शिकवलं होतं की पृथ्वी थंड होत आकसते आणि तिला वळ्या पडून पर्वत होतात. धाकट्याच्या नव्या पुस्तकात भूपट्ट आले. वेगेनरने १९१२ साली मांडलेलं भूखंड वहन शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं बाजूला सारलं होतं. साठच्या दशकात सागरतळाचे पुरावे आले तेव्हा ते नव्या रूपात मान्य झालं. म्हणजे जगाचं मत पालटत होतं तेव्हा दादा जुनं पाठ करत होता, आणि ती चूक ना त्याची होती ना त्याच्या मास्तरांची. सुट्टीत दोघे ओसरीवर भांडायचे. धाकटा बटर पेपरवर आफ्रिका नि दक्षिण अमेरिका उतरवून एकमेकींना जोडून दाखवायचा. दादा विचारायचा, ‘मग आपण कुठे बसतो?’ भारताचा पूर्व किनारा त्या काळी अंटार्क्टिकाला चिकटलेला होता, हे उत्तर धाकट्याने पुढे शाळेतून आणलं.

किल्लारीच्या भूकंपाने आमचा वाद संपवला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. भूकंपक्षेत्रांच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याचा, पहिल्या क्षेत्रात दाखवलेला होता. ताई तोवर शिक्षिका झाली होती. वर्गात ती मुलांना हानीचं कारण सांगायची: दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. आपली घरं कुडाची, वर कौलं, वासे सागाचे. ती हलतात पण एकदम अंगावर बसत नाहीत. पुस्तकातल्या कुठल्याही आकृतीपेक्षा मुलांना हे लवकर कळायचं, असं तिचं म्हणणं. मला ते पटतं. भूगोल घरापासून सुरू झाला की डोक्यात राहतो.

आणि घरापासूनच सुरू करायचा तर सिरोंच्याइतकी श्रीमंत जागा थोडीच असेल! एका बाजूला बस्तरचा प्राचीन खडक, दुसऱ्या बाजूला धारवाडचा, आणि मधला लांबच लांब पट्टा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीपासून खचत गेलेला. त्यात गाळ साचला, जंगलं गाडली गेली. बल्लारपूरचा कोळसा त्यातलाच, नदीपलीकडचा सिंगरेणीचाही त्यातलाच. आमच्या तालुक्यातल्या कोट्याच्या चुनखडीतल्या माशाचं शास्त्रीय वर्णन १८५१ सालीच छापून आलं होतं. पोचमपल्लीजवळ साठच्या दशकाच्या सुरुवातीला प्रचंड डायनोसॉरची हाडं निघाली, बारापासॉरस टागोराय. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी उत्खनन झालं म्हणून हे नाव. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. वडधमला दगड झालेली झाडाची खोडं आजही पाहता येतात. आम्ही पोरं त्या रानात टेंभरं खात हिंडलो आणि घरी येऊन ऱ्हाईन पाठ केली, याची हळहळ मला आजही वाटते.

४ डिसेंबर २०२४, बुधवार, सकाळी ७ वाजून २७ मिनिटं. नदीपलीकडे तेलंगणात मुलुगू जिल्ह्यात केंद्र, तीव्रता ५.३, खोली ४० किलोमीटर. सिरोंच्यात लोक घराबाहेर आले, गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत धक्का जाणवला. आम्ही चौघं आता चार गावांत. पाच मिनिटांत चौघांचे फोन एकमेकांना लागेनात, कारण सगळे एकाच वेळी लावत होते.

दादाची नात सिरोंच्यातच असते, आता स्लॅबच्या घरात. तिने विचारलं, ‘आजोबा, आपल्याकडे कसा काय?’ सत्तरी ओलांडलेल्या दादाने बल्लारपूरच्या कोळशापासून सुरुवात केली. जुनी भेग भरली तरी ती कमजोरच राहते. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे आशियाला रेटतो आहे, तो ताण आतपर्यंत पोचतो आणि असल्या जुन्या भेगांवर कधीतरी मोकळा होतो, असं त्याने न थांबता सांगितलं.

‘मग पुन्हा होईल?’

‘होईल. कधी ते कोणालाच सांगता येत नाही. तू आधी पलंगावरच्या फळीवरची ती लोखंडी पेटी खाली काढ. आत्ता काढ, मी फोनवर आहे.’