एक जूनचा वाढदिवस

महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेले लोक इतके कसे, हे आमच्या शाळेतली मुलं दरवर्षी विचारतात. तुमच्या घरातल्या साठीपुढच्या मंडळींचं आधार कार्ड काढून पाहा. दादा, नाना, फुफा, कोणी ना कोणी एक जूनचे निघतीलच. जन्माची तारीख घरात कोणी लिहून ठेवत नसे. शाळा उघडली की बाप मुलाला घेऊन यायचा, मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते गुरुजी बघायचे आणि जनरल रजिस्टरात १ जून लिहून टाकायचे. म्हणूनच दरवर्षी ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते.

आमचे अब्बा या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंचे. त्यांचा जन्म कागदावर १ जून १९४९, आणि पुढे प्राथमिक शिक्षक झाल्यावर त्यांनी हाच दिवस कित्येक मुलांना दिला.

२०२४ मध्ये त्यांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती. दुबईला असलेल्या भाईजाननी आदल्या वर्षी आपल्या धाकट्याचा वाढदिवस केनियात, मसाई मारात केला होता. त्याचा व्हिडिओ आमच्या घरात सगळ्यांचा पाठ झालेला: उघडी जीप, गवतात आडवे पडलेले सिंह, रात्री तंबूत केक घेऊन येणारे वाढपी. अब्बांनाही तिथंच न्यायचं, तिकिटं मी काढतो, असं भाईजाननी कळवलं. अब्बा हसले. "मुख्याध्यापकांनी दिलेल्या तारखेसाठी समुद्र ओलांडू?" शिवाय वाढदिवसाचा विषय निघाला की ते सोमवारच्या रोजाची हदीस सांगतात. रसूलुल्लाह (स.) सोमवारी रोजा ठेवत, कारण त्यांचा जन्म त्या दिवशीचा. तेव्हा केक कापायचा हट्ट त्यांच्यापुढे चालत नाही.

मुलांचे चेहरे मात्र पडले. मग अब्बाच म्हणाले, "जंगलच बघायचंय ना? त्या जंगलात मी चार वर्षं पगार घेतलाय. चला चांदोलीला."

आम्ही सात जण एक जूनला फज्र पढून साताऱ्याहून निघालो. कराड, पेठनाका, शिराळा, मग वारणेच्या काठाने चरण, आरळा आणि मणदूर. पावसाळ्यात हे जंगल पर्यटकांना बंद असतं, त्यामुळे हंगामाचे शेवटचे दिवस होते. जाधववाडीच्या नाक्यावर नोंद केली आणि आमची गाडी सोडून तिथल्या गाडीत बसलो. डब्यात अम्मीने मालपोवे घेतले होते. प्लास्टिकची एकूण एक पिशवी मात्र नाक्यावरच ठेवून घेतली. बरंच झालं.

चांदोली १९८५ मध्ये अभयारण्य आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. २०१० मध्ये ते आणि आमच्या साताऱ्याचं कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, सुमारे ११६५ चौरस किलोमीटरचा. मसाई मारा याहून थोडंच मोठं आहे, हे ऐकून मुलं चाट पडली. फरक असा की तिथे मोकळं गवत, नजर जाईल तिथवर जनावर दिसतं. इथे अंजनी, जांभूळ आणि हिरड्याची गर्दी, दहा पावलांवर कोण उभं आहे ते कळत नाही. २०२३ च्या डिसेंबरात या प्रकल्पातल्या कॅमेऱ्यात एक नर वाघ आला होता. मुलांची सगळी आशा त्याच्यावर होती.

वाघ दिसला नाही. शेकरू दिसलं, भेकराचं भुंकणं ऐकलं. आणि झोळंबीच्या सड्याकडे जाताना एका सपाट गवतात गवे दिसले, अकरा, त्यात दोन पिल्लं. मुलं श्वास रोखून बघत होती. अब्बांचं मात्र गव्यांकडे लक्ष नव्हतं. ते गवताच्या कडेला उभा असलेला फणस बघत होते.

"हे शेत होतं," ते म्हणाले. "भाताचं."

मान डोलावली ती गाडीच्या चालकाने. जंगलात ओळीने आंबा-फणस दिसला की तिथं घरं होती असं समजायचं, त्याने सांगितलं. जोती, वृंदावनं अजून झाडोऱ्यात आहेत. शेतं पडीक पडली, त्यांची कुरणं झाली, म्हणून तर तिथे गवे येतात. या उद्यानासाठी तीसेक गावं उठली आणि खाली सपाटीला वसवली गेली. त्यातलं एक त्याचं.

अब्बांची शाळा इथल्याच एका वाडीत होती. त्या वाडीचं नाव छापलं तरी आज नकाशात कोणाला सापडणार नाही. १९७२ ते ७६, एक खोली, चार इयत्ता. मणदूरहून खडूचा डबा आणि पगार घेऊन ते चालत जायचे. रमजानात सहरीच्या वेळी शेजारची म्हातारी आपली चूल पेटवून नाचणीची भाकरी टाकून द्यायची. "मास्तर, उपाशी पोटी शिकवू नगा," म्हणायची. अब्बांनी हे आम्हाला पूर्वी शंभरदा सांगितलंय. पण त्या गवतासमोर ऐकताना पोरंही गप्प होती.

आज अब्बांचा वाढदिवस आहे, हे अम्मीने चालकाला सांगितलं. तो हसला. "आमचाबी आजच हाय, गुरुजी. एक जून." मग गाडी चालवता चालवता त्याने पुढचं सांगितलं. पुनर्वसनाची यादी झाली तेव्हा घरच्या हिशेबाने तो एकोणीसचा होता, दाखल्यावर सतराचा. सज्ञान नाही म्हणून त्याचं वेगळं नाव लागलं नाही, तो वडिलांच्या नावाखालीच राहिला. थोरल्याला स्वतंत्र जमीन मिळाली, याला नाही.

तो अब्बांचा विद्यार्थी नव्हता. अब्बांनी ती शाळा सोडली तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता. तरी अब्बांचा हात खिडकीच्या दांडीवर घट्ट झाला. त्या काळी गुरुजी मुद्दाम वर्ष-दोन वर्षं कमी लिहायचे. पोर पुढे नोकरीला लागलं तर तेवढी जास्त मिळतील, एवढाच विचार. अब्बाही लिहायचे. जन्मतारखेच्या एका आकड्यावरून आज आपल्यातल्या कितीतरी घरांना कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, तेव्हा हे वाचणाऱ्यांना वेगळं समजवायला नको.

"खरा जन्म कधीचा तुझा?" अब्बांनी विचारलं.

"आई म्हनायची, रोपं लावून झाली आन् वढ्याचं पानी दारात आलं, तवाचा."

"म्हणजे जुलै," अब्बा म्हणाले. "जुलै धर."

नाक्यावर परत आलो तोवर जोहरची वेळ झाली होती. वजूसाठी चालकाने आपला पाण्याचा कॅन पुढे केला आणि आम्ही चिंचेखाली नमाज पढलो. अम्मीने मालपोव्यांचा डबा उरलेल्या मालपोव्यांसकट त्याच्या घरच्यांसाठी दिला. तो नको नको म्हणत होता.

परतताना मुलं गव्यांवरून भांडत होती, अकरा की बारा. अब्बा पुढच्या सीटवर बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. आम्हाला वाटलं तस्बीह चालली आहे. शिराळा आलं तेव्हा कळलं, ते वाडीतल्या शाळेचा पट आठवत होते, इयत्तेनुसार. सव्वीस नावं झाली होती. सत्ताविसावं काही केल्या आठवेना.