क्रमुकपाक

मराठी समीक्षेच्या परिभाषेतील मूलभूत संज्ञा जिभेवरून आलेल्या आहेत. रस, रुची, आस्वाद आणि रसप्रतीतीचे स्वरूप सांगताना अभिनवगुप्ताने योजलेली 'चर्वणा', या सर्वांच्या मुळाशी तोंडात घास घेतलेला माणूस आहे. वापराने मात्र या संज्ञा इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत, की 'आस्वादक समीक्षा' असे लिहिताना जिभेची आठवण कोणालाही होत नाही. रूपक विझते तेव्हा त्यात साठवलेले ज्ञानही विझते. प्रत्यक्ष चाखणारा माणूस काय करतो, कोणत्या क्रमाने करतो आणि त्याच्या निवाड्याला प्रामाण्य कोठून येते, हे प्रश्न मग सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकांत अमूर्त होऊन उरतात.

बारामतीतील मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने हे प्रश्न काही काळ पुन्हा तोंडाशी आणले. निमित्त होते परदेशात नोकरी करणाऱ्या मुलाने आणलेला पाइपच्या तंबाखूचा एक डबा. पाइप हा त्यांचा जुना शौक. दिवसाला एक, तोही संध्याकाळी. या डब्यातील मिश्रण नेहमीच्या व्हर्जिनिया वा बर्लीवर उभारलेले नव्हते. त्यात 'ओरिएंटल' म्हणून ओळखली जाणारी पाने प्रधान होती. एरवी ही पाने मिश्रणात मसाल्याप्रमाणे, चिमटीने पडतात. येथे मसालाच भाजी झाला होता.

ही पाने मॅसिडोनिया, थ्रेस आणि आनातोलिया या प्रदेशांतील. इझमीर, सामसून, झांथी ही त्यांची नावे गावांची आहेत. पान तळहाताहून लहान, उन्हात वाळवलेले, चिकट राळेने भरलेले. निकोटीन कमी, साखरही व्हर्जिनियाच्या मानाने कमी, सुगंध मात्र दाट. हा सुगंध येतो तो पाण्याच्या तुटवड्यातून. खडकाळ, हलक्या जमिनीत पान वाढत नाही. जे असते ते आटते. नीरा डाव्या कालव्याखालचा हिरवा पट्टा आणि त्यापलीकडचे जिरायत, ही बारामती-इंदापूरची दोन जगे ज्याने पाहिली आहेत, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. भरपूर पाण्यावर वजन वाढते आणि चव पातळ होते, हे इथला जिरायत ज्वारी खाणारा माणूस कोणत्याही ग्रंथाविना जाणतो.

'ओरिएंटल' या नावाचा पेच निराळा आहे. तंबाखू ही मूळ अमेरिकेची वनस्पती. अकबराच्या दरबारात ती पोहोचली ती 1604 च्या सुमारास असदबेगने विजापुराहून नेली तेव्हा, म्हणजे दख्खनमधून. औषध म्हणून ती ग्रंथांत नाही, असा आक्षेप दरबारी हकिमाने घेतला. प्रत्येक रूढी कधीतरी नवीच असते, असा युक्तिवाद असदबेगने केला. शब्दप्रमाण आणि अनुभव यांचा तो वाद आजही संपलेला नाही. पुढे भूमध्य समुद्राच्या काठी रुजलेल्या या अमेरिकन रोपाला लंडनच्या दुकानदारांनी 'पौर्वात्य' ठरवले. एडवर्ड सईदने 1978 मध्ये दाखवून दिले, त्याप्रमाणे ही पूर्व पाहणाराच्या उभे राहण्याच्या जागेवरून सिद्ध होते. बारामतीहून पाहिले, तर ही पूर्व वायव्येला आहे. डब्यावरील मजकुरात उंटांचे तांडे, मसाल्यांचे बाजार, गूढ संध्याकाळी असे सारे होते. तंबाखूच्या चवीविषयी त्यातून काहीच कळत नव्हते. दुकानदाराच्या स्वप्नाविषयी पुष्कळ कळत होते.

तेव्हा पहिला प्रश्न भाषेचा उभा राहिला. उसनी शब्दकळा बाजूला ठेवली, तर या चवीसाठी मराठीत काय आहे? मराठी ही चवीच्या बाबतीत श्रीमंत भाषा आहे, परंतु तिची श्रीमंती एकांगी आहे. खवट, ओशट, कुबट, करपट, मातकट, धुरकट, उबट, कडवट, मचूळ: बिघाडाच्या प्रत्येक छटेला तिने स्वतंत्र शब्द दिला आहे. हे शब्द नासलेले तेल, ओले धान्य, करपलेले दूध वेळीच ओळखावे लागणाऱ्या स्वयंपाकघराने घडवले आहेत. स्तुतीची वेळ आली, की तिच्याजवळ खमंग, खरपूस, चविष्ट असे थोडेच शब्द उरतात आणि बाकीचे काम 'वा' करते. वाङ्मयीन समीक्षेचीही स्थिती याहून फार वेगळी नाही. पाल्हाळिक, कृत्रिम, उथळ, रुक्ष, भडक असे दोष नेमके सांगता येतात. गुण सांगताना मात्र समीक्षक 'उत्कट' आणि 'प्रत्ययकारी' यांच्यापाशी थांबतो.

प्राध्यापकांना आधार सापडला तो राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त. दहाव्या शतकाच्या आरंभीच्या या ग्रंथकाराने आपल्या पणज्याला, अकालजलदाला, 'महाराष्ट्रचूडामणी' म्हटले आहे. काव्याच्या परिपक्वतेचे, म्हणजे 'पाका'चे, नऊ प्रकार तो सांगतो आणि त्यांना फळाभाज्यांची नावे देतो: कडुनिंब, बोर, द्राक्ष, वांगे, चिंच, आंबा, सुपारी, काकडी, नारळ. ही यादी वरवर गमतीची वाटते. तिच्यामागील तत्त्व मात्र काटेकोर आहे. राजशेखर चव दोनदा मोजतो, आरंभी आणि शेवटी. दोन्ही ठिकाणी अस्वादू तो कडुनिंब. आरंभी अस्वादू, शेवटी स्वादू तो द्राक्षापाक, त्याच्या शब्दांत मृद्वीकापाक. आरंभी मध्यम, शेवटी स्वादू तो सहकार, म्हणजे आंबा. दोन्हीकडे स्वादू तो नारिकेल. आणि आरंभी उत्तम, शेवटी अस्वादू तो क्रमुकपाक, म्हणजे सुपारी.

या वर्गीकरणाचे मर्म त्याच्या निकालात आहे. ज्यांचा शेवट वाईट ते तीन पाक त्याज्य, ज्यांचा शेवट मध्यम ते तीन संस्कार करून घेण्याजोगे, ज्यांचा शेवट गोड ते तीन ग्राह्य. आरंभ कसाही असला, तरी निवाडा शेवटावर होतो. चव ही वस्तू नसून घटना आहे, तिला काळ आहे, हे येथे गृहीत आहे. बारामतीत हा विचार परका नाही. ज्या मोरोपंतांनी 1794 पर्यंतचे आपले उत्तरायुष्य या गावात बाबूजी नाईकांच्या आश्रयाने काढले, त्यांची आर्या पहिल्या वाचनात दाताखाली खडा यावा तशी लागते. वर्गातील विद्यार्थी तेथेच निकाल देऊन मोकळे होतात. अन्वय लागल्यावर, चरणाच्या अखेरीस अर्थ सुटा झाल्यावर जी गोडी येते, तिच्यापर्यंत ते पोहोचतच नाहीत. राजशेखराच्या कोष्टकात मोरोपंत द्राक्षाच्या रकान्यात पडतात. वाचकांनी त्यांना कडुनिंबाच्या रकान्यात टाकले आहे.

पाइप हे तर या पद्धतीचे चालते उदाहरणच. भरलेली वाटी तासभर जळते आणि तिची चव वरच्या, मधल्या आणि तळच्या थरात बदलत जाते. घाईने ओढले तर जीभ भाजते. सावकाश ओढले तरच पान बोलते. प्राध्यापकांनी नव्या मिश्रणाची टिपणे याच क्रमाने ठेवली. वर: कोरडे, तुरट, किंचित चिंचेकडे झुकणारे. मध्ये: देवघरातील धूप विझल्यानंतर खोलीत राहतो तो वास. तळाशी: आंबटपणा निवून आलेली मंद, खरपूस गोडी. आरंभ मध्यम, शेवट स्वादू. निकाल: सहकारपाक, ग्राह्य.

या निकालाला साक्षीदार मिळाला तो इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकीचा. प्राध्यापकांचे मेहुणे तेथे पानमळा राखून होते. पाइप त्यांनी कधी ओढला नव्हता. त्यांची चंची मात्र सदैव भरलेली असे. पानाची परीक्षा ते मोडताना होणारा आवाज, तिखटपणाची चढण आणि मागे उरणारा चोथा यांवरून करीत. त्यांनी डब्यातील चिमूटभर तंबाखू तळहातावर चोळला, वास घेतला आणि म्हणाले, "दाजी, ह्याला गोडी नाय. आंबूस हाय. तूप कढवल्यावर बेरीला येतो न्हवं, तसा वास."

धूप आणि बेरी. डेव्हिड ह्यूमने अभिरुचीच्या मानदंडावरील 1757 च्या निबंधात 'डॉन किहोटे'मधील एक कथा वापरली आहे. मद्याच्या पिंपातील एकच घोट दोघे घेतात. एकाला त्यात चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली किल्ली सापडते. कांटला ही कथा पुरेशी वाटली नसती. त्याच्या मते मद्याची चव 'मला सुखद' एवढेच सांगते, इतरांकडून सहमतीची मागणी करण्याचा अधिकार तिला नाही. सौंदर्याच्या निवाड्याला तो आहे. हा भेद मांडणारा कांट स्वतः रोज सकाळी चहाबरोबर एक पाइप ओढीत असे, आणि तो त्याने सुखदाच्याच खात्यात टाकला असता.

पाइपच्या तळाशी किल्ली नसते, राख असते. तरीही मेहुण्यांच्या शब्दानंतर एक गोष्ट घडली. पुढच्या पाइपात प्राध्यापकांना बेरी लागली. ती आधीही तेथे होती, पण नाव नसल्याने धुपाच्या आड दडली होती. चवीच्या निवाड्याचे प्रामाण्य बहुधा एवढेच आणि येथेच असते: एकाचा शब्द दुसऱ्याच्या जिभेला तेथे असलेली गोष्ट शोधून देतो. शब्द उसना असेल तर तो काहीही शोधून देत नाही. उंटांच्या तांड्याने कोणाच्याही तोंडात काही उमटले नव्हते. समीक्षेचे कामही सहमती वसूल करण्याचे नाही. दुसऱ्याला पुन्हा वाचताना जे सापडेल त्याकडे बोट दाखवण्याचे ते काम आहे, आणि त्यासाठी लागणारा शब्द स्वतःच्या घरातून, स्वतःच्या बेरीतून यावा लागतो.

येथे थांबता आले असते, तर ही गोष्ट सोपी झाली असती. पुढच्या वर्षभरात मेहुण्यांना मिरची झोंबू लागली, मग साधे वरणही. गालांच्या आतली त्वचा दोरीसारखी ताठ झाली आणि तोंडात दोन बोटे शिरेनाशी झाली. डॉक्टरांनी सुपारीकडे बोट दाखवले, आणि तंबाखूकडेही. सुपारी तंबाखूविनाही कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केला आहे. पाइपचा धूर छातीत न घेणाराही तोंडाच्या कर्करोगापासून सुरक्षित नसतो. ज्या जिभेने बेरी ओळखली होती, तिला आता ताकभातही जाळत होता. चर्वणेनेच चर्वणेचे इंद्रिय खाल्ले होते.

प्राध्यापकांनी पाइप बंद केला. त्यांच्या टिपणातील निकालाचे काय करावे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि तो केवळ त्यांचा नाही. निवाडा शेवटावर होतो असे राजशेखर म्हणतो. शेवट कोठे मानायचा, हे तो सांगत नाही. वाटीच्या तळाशी शेवट मानला, तर ते मिश्रण सहकार आहे. आयुष्याच्या अंगाने शेवट मानला, तर ते क्रमुक आहे, अक्षरशः सुपारी, आरंभी उत्तम आणि शेवटी त्याज्य. कलावाद आणि जीवनवाद यांचा मराठीतील जुना झगडा तत्त्वांचा म्हणून लढला गेला. वस्तुतः तो या एका रेषेचा होता: कृतीचा शेवट तिच्या अखेरच्या ओळीवर होतो, की ती वाचणाराच्या जगण्यात जेथवर जाते तेथे.

दोन्ही पक्षांनी एक निकाल देण्यासाठी दुसरा पुसला. टिपणवहीत मात्र दोन्ही राहिले. 'सहकार' हा शब्द खोडलेला नाही, कारण तळच्या थरातील गोडी खोटी नव्हती. त्याच्याखाली, वेगळ्या शाईने, 'क्रमुक' असे लिहिले आहे. पहिल्या शब्दाने दुसऱ्याला सौम्य केलेले नाही, आणि दुसऱ्यानेही पहिल्याला लटके ठरवलेले नाही.