‘सर्वांनी’ म्हणजे कोणी?

चार सुशिक्षित माणसे एकत्र बसली असता वाद नको असेल, तर पुस्तकांचा विषय काढू नये. राजकारणावरून भांडणारी मंडळी चहा येताच थांबतात. परंतु ‘अमुक पुस्तक प्रत्येकाने वाचलेच पाहिजे’ असे कोणी म्हटले, की चहा निवून जातो, पण वाद काही निवत नाही. याचे कारण फार दूर शोधावयास नको. आपल्या आवडीचे पुस्तक दुसऱ्याने नाकारले, म्हणजे त्याने केवळ एक पुस्तक नाकारले असे आपल्याला वाटत नाही. ते पुस्तक हाती देणारे गुरुजी, ते वाचले ते वय, ज्या घरात वाचले ते घर, हे सारेच त्याने बाजूला सारले असे वाटते.

एका मासिकाच्या मराठी आवृत्तीत भाषांतराचे आणि संपादनाचे काम करीत असल्यामुळे हा वाद मला शोधीत जावे लागत नाही. तो टपालाने माझ्या मेजावर येतो. इंदूरचे एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक ज्ञानेश्वरी, गीतारहस्य आणि श्यामची आई या तीन ग्रंथांवाचून मराठी घर अपुरे मानतात. नागपूरचा एक तरुण महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ आणि दया पवारांचे ‘बलुतं’ यांना पहिले स्थान देतो आणि मुख्याध्यापकांच्या यादीतील पहिली दोन नावे खोडतो. वडोदऱ्याच्या एक गृहिणी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सुचवितात आणि आजवरच्या याद्या बहुधा पुरुषांनीच केल्या आहेत, असा शेरा मारतात. या पत्रांतील पुस्तके एकमेकांशी क्वचितच जुळतात. जुळते ते फक्त शेवटचे वाक्य: ‘निदान एवढी तरी सर्वांनी वाचावीत.’ पुष्कळ पत्रे वाचल्यानंतर माझे लक्ष पुस्तकांच्या नावांवरून हळूहळू त्या एका शब्दावर गेले. ‘सर्वांनी’ म्हणजे नेमके कोणी?

हा वाद काही आपल्याकडेच होतो असे नाही. १८८६ सालच्या जानेवारीत सर जॉन लबक यांनी लंडनच्या श्रमिकांच्या महाविद्यालयात वाचनावर एक व्याख्यान दिले. लबक हे पेढीवाले, पार्लमेंटचे सभासद आणि मुंग्या व मधमाश्या यांचे चिकित्सक निरीक्षक. दिवसभर राबून संध्याकाळी शिकावयास येणाऱ्या माणसांना वाचनाची दिशा मिळावी, या सद्‌हेतूने त्यांनी सुमारे शंभर उत्तम ग्रंथांची यादी मांडली. तीत होमर होता, शेक्सपियर होता. आणि आपल्याला कौतुक वाटावे असे की, महाभारत व रामायण संक्षेपरूपाने आणि कालिदासाचे शाकुंतलही होते. ‘पॉल मॉल गॅझेट’ या वृत्तपत्राने ती यादी नामवंतांकडे अभिप्रायासाठी पाठविली आणि वादाला तोंड फुटले. जॉन रस्किन यांनी तर छापील यादीवरच लेखणी फिरविली. गिबनचा इतिहास गेला, डार्विन गेला, आणखीही पुष्कळ नावे गेली. तरुण ऑस्कर वाइल्डने ग्रंथांचे तीन वर्ग पाडले: वाचावयाचे, पुन्हा पुन्हा वाचावयाचे आणि मुळीच न वाचावयाचे, आणि लोकांना खरी गरज तिसऱ्या वर्गाच्या यादीचीच आहे, असे सुचविले. विल्यम मॉरिस यांनी स्वतःची निराळीच यादी करून पाठविली.

या वादात विद्वत्ता होती, विनोद होता, हट्टही होता. परंतु एक गोष्ट मला नेहमी खटकते. ज्या कामकऱ्यांसाठी ती यादी निघाली, त्यांचे मत विचारावे असे त्या वृत्तपत्राच्या मनात आले नाही. ‘सर्वांनी’ काय वाचावे, हे मोजक्या प्रतिष्ठितांच्या पत्रव्यवहारात ठरत होते.

याच सुमारास, नेमके सांगावयाचे तर आदल्याच वर्षी, आपल्या पुण्यात हाच प्रश्न फार अधिक खोलवर विचारला गेला होता. मराठी ग्रंथकारांची पहिली सभा १८७८ साली भरली होती. दुसरी १८८५ साली भरावयाची होती. न्यायमूर्ती रानडे यांनी जोतीराव फुले यांना तिचे आमंत्रण पाठविले. जोतीरावांनी ते नाकारले आणि नाकारण्याची कारणे एका पत्रात स्पष्ट लिहिली. हे पत्र पुढे ‘ज्ञानोदया’त छापून आले. त्याचा आशय असा की, जे लोक सर्व माणसांचे मानवी हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांनी केलेल्या पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसणार नाही.

लंडनमध्ये शंभरांपैकी कोणते ठेवावे आणि कोणते गाळावे, एवढाच तंटा होता. जोतीरावांनी यादीला हात न लावता ती करणाऱ्यांच्या बैठकीकडे बोट दाखविले. या बैठकीत कोण आहे? शेतकरी आहे काय? अक्षरापासून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले, ते आहेत काय? नसतील, तर तिथून निघणारा ‘सर्व’ हा शब्द सर्वांचा कसा?

हा प्रश्न निव्वळ तात्त्विक नव्हता, हे एका पुस्तकाच्या भाग्यावरून दिसते. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापले गेले. स्त्रीला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा, हा समाजाचा दुटप्पीपणा त्यात इतक्या रोखठोक भाषेत उघडा केला होता की, त्यावर टीकेची झोड उठली. जोतीरावांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली, परंतु पुस्तक विस्मरणात गेले ते गेलेच. १९७५ साली प्राध्यापक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. मध्ये त्र्याण्णव वर्षे गेली. या काळात ‘उत्तम मराठी ग्रंथ’ या मथळ्याखाली याद्या करणाऱ्या सज्जनांनी हे पुस्तक हेतुपुरस्सर वगळले असे म्हणता येणार नाही; जे समोरच नव्हते ते वगळणार कसे? यादीतून खोडलेल्या पुस्तकासाठी निदान कोणी भांडते. यादीपर्यंत न पोहोचलेल्या पुस्तकासाठी भांडणारेही नसते.

पुस्तकांची जी कथा, तीच वाचकांची. काही दिवसांपूर्वी कर्नाटकातील एका मराठी घरातून एकाच पाकिटात दोन पत्रे आली. एक वडिलांचे, दुसरे मुलीचे. वडिलांनी दहा ग्रंथांची यादी केली होती. मुलीने त्यातील सात नावे खोडून आपली सात घातली होती. तिचे शिक्षण कन्नड माध्यमातून झालेले. भैरप्पांचे ‘पर्व’ तिने मूळ कन्नडमध्ये वाचले होते आणि वडिलांनी ते उमा कुलकर्णी यांच्या मराठी अनुवादातून वाचावे, असा तिचा आग्रह होता. इथवर सारे नेहमीचेच होते. परंतु पत्राच्या अखेरीस तिने लिहिले होते: ‘आमच्या घरात माझी आजीही आहे. तिला शेकडो ओव्या पाठ आहेत, पण अक्षरओळख नाही. बाबांच्या ‘सर्वांनी’मध्ये आजी नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्याही नाही.’

दोन्ही पत्रे आम्ही शेजारी शेजारी छापली. पुढे तिच्या वडिलांचे कार्ड आले. आता रोज रात्रीच्या जेवणानंतर मुलगी ‘स्मृतिचित्रे’ मोठ्याने वाचते आणि आजी ऐकते; मध्येच थांबवून आपली टीकाही करते, असे त्यांनी कळविले. आजीला लक्ष्मीबाई पटतात, टिळक मात्र सगळेच पटत नाहीत. म्हणजे त्या घरात आता तिसरे मत निर्माण झाले! ते कार्ड मी जपून ठेवले आहे. साधी शाळाही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंचे पुस्तक, शाळा न पाहिलेल्या दुसऱ्या एका बाईपर्यंत पोहोचावयास मध्ये एका नातीचा आवाज लागला.

खरे पाहता आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. श्रीधरस्वामींचे ‘पांडवप्रताप’ आणि ‘हरिविजय’ गावोगाव पोचले ते घरोघर विकत घेतले गेले म्हणून नव्हे. चातुर्मासात एक जण पोथी वाची आणि चाळीस जण ऐकत. वाचणारा एक, पण वाचक चाळीस, असा तो हिशेब होता. आज आपण प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र प्रत देऊ इच्छितो, हे योग्यच आहे. मात्र ज्याच्या हाती ती देता येत नाही त्याला हिशेबातूनच वगळू नये.

भाषांतराचा धंदा करणाऱ्या माणसाला शब्दांच्या प्रवासाचे कुतूहल असते. त्यातला एक प्रवास येथे सांगावासा वाटतो. ज्या रस्किननी लबकच्या यादीवर लेखणी फिरविली, त्यांचे ‘अन्टू धिस लास्ट’ हे लहानसे पुस्तक १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला निघालेल्या गांधीजींच्या हाती त्यांचे स्नेही पोलक यांनी आगगाडीत वाचण्यासाठी ठेवले. गांधीजींना ते खाली ठेववेना. त्या रात्री झोप आली नाही, आणि त्याच वर्षी फीनिक्सची वसाहत उभी राहिली. ते पुस्तक कोणत्याही यादीतून आलेले नव्हते; एका माणसाने दुसऱ्याला ओळखून दिलेले होते. पुढे १९०८ साली गांधीजींनी त्याचा गुजरातीत सारानुवाद केला. मूळ इंग्रजी नाव बायबलमधील द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तावरून घेतलेले आहे. दिवस मावळता मावळता कामावर आलेल्या शेवटच्या मजुरालाही मालक पूर्ण मजुरी देतो, अशी ती गोष्ट. ‘या शेवटच्यालादेखील’ असा त्या नावाचा सरळ अर्थ. गांधीजींनी अनुवादाला नाव दिले ‘सर्वोदय’.

शब्दाला शब्द ठेवणारा परीक्षक येथे तांबड्या शाईने खूण करील. ‘शेवटचा’ या शब्दाचे ‘सर्व’ कसे झाले? मला मात्र भाषांतरविद्येचा याहून मोठा धडा ठाऊक नाही. शेवटचा माणूस मोजला, तरच ‘सर्व’ ही संख्या पुरी होते. तोवर आपण म्हणतो ते ‘सर्व’ नसते. ‘आमच्यापैकी पुष्कळ’ एवढेच असते.

आपल्या देशात तर या ‘सर्व’ शब्दाची परीक्षा आणखी कठीण आहे. १९५४ साली स्थापन झालेली साहित्य अकादमी आज चोवीस भाषांना मान्यता देते. यांतील कोणत्याही एका भाषेतील पुस्तक कितीही थोर असले, तरी बाकीच्यांना ते मुळातून वाचता येणार नाही. माझ्या स्वतःच्या घरातच पाहा ना. आम्ही एका आजीची नातवंडे, पण कोणी इंदूरला हिंदीत शिकले, कोणी वडोदऱ्याला गुजरातीत, कोणी बेळगावला मराठीत. लग्नकार्यात एकत्र जमलो की लहानपणी वाचलेले समान पुस्तक सापडत नाही. मग एखादा अनुवादच मदतीला येतो. मामा वरेरकरांनी मराठीत आणलेले शरच्चंद्र बेळगावच्या भावाने वाचलेले असतात, हिंदीतून तेच शरच्चंद्र मी वाचलेले असतात, आणि मूळ बंगाली आम्हा दोघांनाही येत नाही. ‘मृत्युंजय’ची गोष्ट याच्या उलट. ते आमच्या मराठीतले, पण इंदूरच्या भावंडांनी ते हिंदीतून वाचले आणि कर्णावरून आमच्याशी तावातावाने भांडली. असे भांडण होऊ शकले, हीच त्या अनुवादाची कमाई होय.

साने गुरुजींनी हे फार लवकर ओळखले होते. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याआधी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतील बंद्यांच्या सहवासात ते तमिळसारख्या भाषांकडे वळले, आणि तिरुवळ्ळुवरांचा कुरळ त्यांनी मराठीत आणला, हे तितकेसे सांगितले जात नाही. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे ग्रंथ आपलेसे करावेत, हे त्यांचे ‘आंतरभारती’चे स्वप्न होते. ज्या लेखकाचे पुस्तक आपण सर्वांनी वाचावे म्हणून आग्रह धरतो, तो स्वतः दुसऱ्यांची पुस्तके वाचावयास शिकत होता, हे विसरून कसे चालेल?

याद्या करू नयेत, असे माझे म्हणणे नाही. याद्या कराव्यात, त्यांवरून भांडावेही. न भांडणाऱ्या घरात बहुधा पुस्तकेच नसतात. परंतु यादी करताना तीन जागा मोकळ्या ठेवाव्यात, अशी माझी वाचकांना विनंती आहे. एक जागा ज्याच्याशी आपले पटत नाही त्याच्या यादीतील पुस्तकासाठी. ते पुरे वाचल्यावरच खोडावे. दुसरी आपल्याला न येणाऱ्या एखाद्या भारतीय भाषेतील पुस्तकासाठी. मग ते अनुवादातून का होईना. आणि तिसरी घरातील त्या माणसासाठी, ज्याला आजवर कोणी विचारलेलेच नाही की, तुला काय वाचावेसे, किंवा ऐकावेसे वाटते? या तिसऱ्या जागेवर कोणते नाव येईल ते मला सांगता येणार नाही. ते विचारूनच लिहावे लागेल.